गाडीच्या आतला ओशट, चकचकीत थर कसा काढायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉशिंग सेंटरमधून गाडी घरी येते तेव्हा डॅशबोर्ड लखलखत असतो. दोन दिवसांत त्यावर धूळ चिकटते, आठवड्यात हात लावावासा वाटत नाही. हा थर काढायचा कसा, याबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: स्वच्छ डॅशबोर्ड चमकत नाही. चमकतोय म्हणजे त्यावर काहीतरी आहे.

1. हा चकचकीत थर नेमका कशाचा असतो?

बहुतेक वेळा सिलिकॉन तेलाचा. ‘डॅशबोर्ड पॉलिश’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त बाटल्यांत आणि वॉशिंग सेंटरवरच्या मोठ्या कॅनमध्ये तेच असतं. कधी ते पाण्यात घुसळलेलं असतं, मग पॉलिश पांढरं, दुधी दिसतं. कधी सॉल्व्हंटमध्ये (थिनरसारख्या उडून जाणाऱ्या द्रवात) मिसळलेलं असतं, मग पारदर्शक आणि उग्र वासाचं. पाणी किंवा सॉल्व्हंट उडून जातं आणि तेल मागे राहतं. हे तेल वाळत नाही, उन्हानेही उडत नाही. त्याचा पृष्ठताण पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी असल्यामुळे ते आपणहून पसरत जातं आणि प्लॅस्टिकवरच्या बारीक दाण्यांच्या खाचांत जाऊन बसतं. दर धुलाईला नवं पूट चढतं. जुन्या पुटात तोवर धूळ आणि हाताचा घाम मिसळलेला असतो. तुम्ही पुसायला घेता ते हे सगळं मिळून झालेलं मिश्रण.

2. चमकतंय तर चांगलंच दिसतं ना? काढायचं कशाला?

समोरचं नीट दिसावं म्हणून. गाडी बनवणाऱ्यांनी डॅशबोर्डचा वरचा भाग मुद्दाम दाणेदार आणि बिनचमकीचा केलेला असतो, म्हणजे त्यावर पडलेला उजेड सगळीकडे विखुरतो. तेलाने दाण्यांमधल्या खाचा भरल्या की उजेड विखुरण्याऐवजी सरळ समोरच्या काचेवर जातो आणि तिथून तुमच्या डोळ्यांत. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर बोगद्यातून उन्हात बाहेर पडताना लक्ष देऊन बघा. डोळे आधीच दिपलेले असतात आणि काचेवर डॅशबोर्डचं पांढुरकं प्रतिबिंब उमटतं: एसीच्या जाळ्या, देवाची मूर्ती, कोपऱ्यातली पावती, सगळं. त्या पांढुरक्या पट्ट्यामागे पुढच्या गाडीचा ब्रेकलाइट फिका पडतो. संध्याकाळी पुण्याहून मुंबईकडे येताना सूर्य समोर असतो, तेव्हा हाच त्रास तासभर पुरतो.

‘पोलराइज्ड गॉगल लावला की प्रतिबिंब जातं’ असं बरेच जण कळवतात. दिवसा ते बऱ्याच अंशी खरं आहे, कारण काचेवरून तिरप्या कोनात परतलेला उजेड बराचसा एकाच दिशेत कंप पावतो आणि असा गॉगल नेमका तोच अडवतो. पण रात्री गॉगल चालत नाही, आणि काही गाड्यांची स्क्रीन त्यातून काळी दिसते.

बाकीची कारणं लहान आहेत: धूळ चिकटते, कपड्यांना डाग पडतात, हात घसरतो (प्रश्न 9).

3. माझ्या गाडीवर थर आहे की प्लॅस्टिकच मुळात तसं आहे, हे कसं ओळखू?

पांढरा टिश्यू बोटाला गुंडाळून डॅशबोर्डवर वीतभर जोर देऊन ओढा. टिश्यू पिवळट-करडा झाला आणि मागे फिकट पट्टा उमटला, तर थर आहे. दुसरी खूण पाण्याच्या थेंबाची: ओशट जागेवर थेंब गोल टपोरा उभा राहतो, स्वच्छ प्लॅस्टिकवर थोडा पसरतो. तिसरी मला सगळ्यात भरवशाची वाटते. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाची आतली कड किंवा स्टिअरिंगखालच्या कव्हरचा तळ बघा. तिथे पॉलिशचं फडकं सहसा पोचत नाही, त्यामुळे गाडीचा मूळ रंग आणि मूळ पोत तिथे जिवंत असतो. काम झालं की नाही हेही त्याच जागेशी ताडून ठरवायचं.

4. घरातल्या वस्तूंनी निघेल का?

निघेल. लहान मुलांचा शाम्पू किंवा भांडी घासायचं लिक्विड, एक लिटर कोमट पाण्यात एक चहाचा चमचा. त्याहून जास्त घेतलं तर साबणच मागे राहतो आणि पुन्हा चिकटपणा येतो. कपड्यांची पावडर, भांड्यांची वडी आणि खायचा सोडा वापरू नका. पावडर आणि वडीतले न विरघळलेले कण ओरखडे पाडतात, सोडा खाचांत पांढरा वाळतो. लिंबू, टूथपेस्ट आणि केळीची साल यांचे व्हिडिओ खूप फिरतात. टूथपेस्ट घासणारी असते, लिंबाचा रस चिकट वाळतो, आणि केळीची साल एका थराच्या जागी दुसरा थर देते. खोबरेल तेलही तेलच आहे, शिवाय ते काही दिवसांनी खवट वास मारतं.

5. पूर्ण डॅशबोर्ड साफ करायची पद्धत क्रमाने सांगा.

गाडी सावलीत लावा आणि दारं उघडून आतला भाग थंड होऊ द्या. उन्हात बंद राहिलेल्या गाडीचा डॅशबोर्ड 70 अंश सेल्सिअसच्या आसपास तापू शकतो. अशा प्लॅस्टिकवर काहीही लावलं की पुसायच्या आत वाळून डाग धरतं. विदर्भात एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी आठच्या आत उरकलेलं बरं.

आधी कोरडी धूळ काढा, व्हॅक्यूमने किंवा मऊ ब्रशने. हे टाळलं तर ओली धूळ खाचांत चिखल होऊन बसते. मग प्रश्न 4 मधलं पाणी एका बादलीत, साधं पाणी दुसऱ्या बादलीत, आणि मायक्रोफायबरची किमान पाच-सहा फडकी हाताशी. इथे कंजूषी करू नका. सिलिकॉन विरघळून नाहीसं होत नाही, ते फडक्यात उचललं जातं. भरलेलं फडकं तेच तेल पुढे सारवत नेतं. एकाच फडक्याने सगळी गाडी पुसणाऱ्याला ‘काही फरकच पडला नाही’ असं वाटतं ते यामुळेच.

फडकं साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा, पाणी ठिबकता कामा नये. दोन वीत लांबी-रुंदीचा एकच तुकडा घ्या. आधी फडक्याने ओला करा, मग मऊ ब्रश हलक्या हाताने गोल फिरवा. दात घासायचा जुना मऊ ब्रश चालतो, रंगकामाचा मऊ केसांचा त्याहून चांगला. सुरुवातीला फेस होतच नाही, कारण तेल फेस मारतं. दहा-पंधरा सेकंदांनी दाण्यांमधून मळकट, पिवळसर पाणी वर येऊ लागतं. ते लगेच स्वच्छ बाजूने पुसून घ्या, वाळू देऊ नका. फडक्याची घडी उलटा, पुन्हा तेच करा. दुसऱ्या वेळी पांढरा फेस येऊ लागला की तो तुकडा सुटला समजा. मग साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने साबण काढा आणि कोरड्याने टिपा.

सगळ्यात वरच्या, काचेकडच्या भागापासून सुरुवात करून खाली या. काच आणि डॅशबोर्ड मिळतात त्या फटीत हात जात नाही. तिथे प्लॅस्टिकच्या पट्टीला फडकं गुंडाळून घाला. पुटं खूप असतील तर एकाच दिवशी सगळं संपवायचा हट्ट धरू नका.

6. साबणाच्या पाण्याने दोनदा केलं, तरी बोट चिकटतंच. आता काय?

आता ‘ऑल पर्पज क्लीनर’. गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळतो. आतल्या प्लॅस्टिकसाठी एक भाग क्लीनरला दहा भाग पाणी हे साधारण प्रमाण आहे, पण बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा. कृती प्रश्न 5 चीच. फवारा नेहमी फडक्यावर मारायचा, डॅशबोर्डवर नाही.

त्यानंतरही एखादा हट्टी पट्टा उरला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल. मेडिकलमध्ये 70 टक्क्यांचं मिळतं. एक भाग ते, दोन भाग पाणी. दिसणार नाही अशा जागी आधी लावून पाच मिनिटं थांबा. रंग फडक्यावर उतरला नाही तरच पुढे जा. ते पेट घेणारं आहे, म्हणून चारही दारं उघडी ठेवा, जवळ विडी-सिगारेट, उदबत्ती काही नको. खऱ्या लेदरवर, रबरासारख्या मऊ लेपावर (प्रश्न 16) आणि स्क्रीनवर (प्रश्न 11) ते लावू नका. हँड सॅनिटायझर त्याच्या जागी चालत नाही. त्यात ग्लिसरिन आणि जेल असतं, ते मागे चिकटून राहतं.

7. गॅरेजवाला म्हणतो पेट्रोलने एका फटक्यात निघेल. थिनर, रॉकेल, नेलपॉलिश रिमूव्हर?

नको. थर निघेल, पण प्लॅस्टिकही जाईल. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अॅसिटोन डॅशबोर्डमध्ये सर्रास वापरलं जाणारं एबीएस प्लॅस्टिक अक्षरशः विरघळवतं. थिनरने मीटरच्या पारदर्शक झाकणावर बारीक तडे जातात. पेट्रोलची वाफ बंद गाडीत साठणं हा तर सरळ आगीला दिलेला निमंत्रणाचा नारळ आहे. रॉकेल स्वतःच तेलकट आहे आणि त्याचा वास महिनाभर जात नाही. ज्या झाकणाखाली एअरबॅग असते, म्हणजे स्टिअरिंगचा मधला भाग आणि डावीकडे ‘एअरबॅग’ लिहिलेला भाग, तिथे तर असलं काहीही लावू नका. ते झाकण ठरलेल्या जागी, ठरलेल्या पद्धतीने फाटायला हवं. सॉल्व्हंटने ठिसूळ झालेलं प्लॅस्टिक कसं फुटेल याचा भरवसा नाही.

8. पांढरा ‘मॅजिक स्पंज’ वापरला तर?

तो मेलामाइनचा फेस असतो आणि अतिशय बारीक पॉलिश पेपरचं काम करतो. थर निघतो, सोबत दाण्यांची टोकंही झिजतात. मग तो तुकडा कायमचा वेगळा, तुकतुकीत दिसतो. दाराच्या खालच्या भागावर बुटांचे काळे ओरखडे असतील तर तिथे हलक्या हाताने चालेल. डॅशबोर्डवर नाही.

9. स्टिअरिंग चोपडं लागतंय. दुरुस्तीला घाई आहे का?

आहे. सगळ्यात आधी स्टिअरिंग, गिअरचा दांडा, हँडब्रेक आणि पेडल. डॅशबोर्ड रविवारपर्यंत थांबला तर चालेल, हे चार नाहीत. पावसात भिजलेली चप्पल आणि पॉलिश मारलेलं ब्रेक पेडल यांचा मेळ फार वाईट. पेडलच्या रबरावर साबणाचं पाणी आणि कडक ब्रश बिनधास्त चालवा, धुवा, कोरडं करा. गाडी हलवण्याआधी बुटाने दाबून घसरतंय का पाहा. स्टिअरिंगला प्रश्न 5 ची कृती, पण फडकं आणखी घट्ट पिळून. शिलाईच्या खाचांत ब्रश शिलाईच्या दिशेनेच फिरवा. मधल्या हॉर्नच्या भागात पाणी शिरू देऊ नका. या जागांवर पुन्हा कुठलंच पॉलिश लावायचं नाही, ‘नॉन-ग्रीझी’ लिहिलेलंसुद्धा नाही.

10. समोरची काच आतून धुरकट दिसते, पुसली की रेघा उमटतात. हेही पॉलिशमुळेच?

बरंचसं. पॉलिश मारताना उडालेले तुषार काचेवर बसतात आणि डॅशबोर्ड पुसलेलंच फडकं सवयीने काचेवर फिरतं. यात प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घातलेल्या द्रव्यांची भर पडते: प्लॅस्टिक तापलं की ती बाहेर पडतात आणि काचेवर गोठतात. त्यामुळे पॉलिश न मारलेल्या नव्या गाडीतही हा पडदा येतो. दिवसा तो फारसा जाणवत नाही. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती मोठं कडं दिसतं, आणि पावसाळ्यात घाटात काच आतून पटकन वाफ धरते.

काच शेवटी करायची, डॅशबोर्ड पूर्ण झाल्यावर. दोन कोरी फडकी घ्या, जी पॉलिशला कधीच लागलेली नाहीत. एकावर अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं, दुसरं पूर्ण कोरडं. अर्धी काच ओल्याने पुसा आणि वाळायच्या आत कोरड्याने घासा. आतून आडवं पुसलं आणि बाहेरून उभं, तर रेघ कुठल्या बाजूला राहिली ते लगेच कळतं. खालच्या कोपऱ्यात तळहात पोचत नाही, तिथे पालथा हात घाला. वर्तमानपत्राचा कागद चालतो, पण शाई हाताला आणि तिथून दाराच्या फिक्या पॅडला लागते. मागच्या काचेवर आतून गरम होणाऱ्या बारीक तारा असतील तर त्या तारांच्या दिशेनेच पुसा, तारांना छेदून घासलं तर तुटतात.

11. टचस्क्रीन, मीटरची काच आणि त्या काळ्या चकचकीत पट्ट्या?

स्क्रीन बंद करा. साध्या पाण्यात भिजवून अगदी घट्ट पिळलेलं मऊ फडकं, मग कोरडं. बहुतेक वेळा एवढं पुरतं. तेल जास्त असेल तर पाण्यात शाम्पूचा एखादा थेंब. काच साफ करायच्या काही स्प्रेमध्ये अमोनिया असतो, तो स्क्रीनवरचा लेप खातो. मीटरवरचं झाकण काचेचं नसतं, पारदर्शक प्लॅस्टिकचं असतं आणि कोरड्या धुळीच्या फडक्यानेही ओरखडतं. आधी धूळ फुंकून काढा. काळ्या चकचकीत पट्ट्यांना ब्रश लावूच नका.

12. खिडक्यांची बटणं आणि एसीच्या जाळ्या?

गाडी बंद, चावी बाहेर. बटणांभोवती ओलसर फडकं टोकदार लाकडी काडीला गुंडाळून फिरवा. फवारा मारलात तर पाणी खालच्या सर्किटपर्यंत जातं. जाळ्यांना कोरडा ब्रश आणि व्हॅक्यूमचं तोंड एकत्र, मग ओलसर ब्रश. पाठोपाठ पंखा पाच मिनिटं चालवा.

13. सीटवरही पॉलिश मारलंय. पांढरा सदरा घातला की पाठीला डाग. काय करू?

आधी सीट कशाचं आहे ते बघा. आपल्याकडे बहुतेक गाड्यांत रेक्झिन असतं, मूळचं किंवा वरून बसवलेलं कव्हर. त्याला प्रश्न 5 आणि 6 ची कृती चालते. शिलाईच्या भोकांतून पाणी आत जाऊ नये म्हणून फडकं घट्ट पिळलेलं हवं. खरं लेदर असेल तर लेदरचाच क्लीनर वापरा. भांड्यांचं लिक्विड लेदर कोरडं करतं आणि अल्कोहोल रंग उचलतं.

कापडी सीट असेल तर घासू नका, घासलं की तेल आत जातं. कोरडं फडकं दाबून जेवढं टिपता येईल तेवढं टिपा, मग साबणाचा नुसता फेस लावा, टिपा, साध्या पाण्याच्या फडक्याने टिपा. सीट बेल्टला फक्त सौम्य साबणाचं पाणी. ब्लीच किंवा सॉल्व्हंट त्याचे धागे कमजोर करतं. बेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिमट्याने अडकवा आणि खडखडीत वाळल्याशिवाय आत सोडू नका. पावसाळ्यात याला अख्खा दिवस लागतो, आणि ओला आत गेलेल्या बेल्टला बुरशीचा वास धरतो.

14. फवारा छताच्या कापडावरही उडालाय. तिथेही ब्रश चालवू?

नाही. छताचं कापड पातळ फोमवर डिंकाने चिकटवलेलं असतं. ते भिजलं की डिंक सुटतो आणि कापड लोंबायला लागतं, मग नवंच बसवावं लागतं. जेमतेम ओलसर फडक्यावर थोडा फेस घेऊन डागावर हलकं टेकवा, उचला, पुन्हा टेकवा. अर्धा डाग गेला तरी थांबा. छताकडे कोणी बघत बसत नाही.

15. दसऱ्याच्या पूजेतलं हळद-कुंकू पॉलिशवर चिकटलंय. पुसायला गेलो तर लाल झालं!

हा प्रश्न दरवर्षी ऑक्टोबरमध्ये ढिगाने येतो. पूजेच्या आदल्या दिवशी गाडी धुवून आतून पॉलिश मारलेली असते आणि खंडेनवमीला किंवा दसऱ्याला त्याच ओशट जागेवर हळद-कुंकवाची बोटं उमटतात. तेलात रंग छान मुरतो.

लाल झालं म्हणून घाबरू नका. हळदीतलं कर्क्युमिन अल्कधर्मी साबण लागला की तांबडं होतं. पारंपरिक कुंकू हळदीत चुना घालून करतात ते याच गुणामुळे. डाग वाढलेला नसतो, फक्त रंग बदललेला असतो. यापुढे मात्र क्रम असा ठेवा: आधी सगळं कोरडं ठेवूनच ब्रश आणि व्हॅक्यूमने जेवढी पूड निघेल तेवढी काढा. ओलं फडकं आधी लावलंत तर पूड कालवली जाऊन चौपट जागेवर पसरते. मग साबणाऐवजी प्रश्न 6 मधलं पातळ अल्कोहोल, कारण कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. दर वेळी फडक्याची नवी बाजू. थर आणि हळद बरोबरच निघतात. फिका पिवळा डाग उरला तर तो उन्हाच्या हवाली करा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, काही दिवसांत उडतो. बाजारातल्या कुंकवात कृत्रिम रंग असेल तर तो असा उडेलच असं नाही. फिक्या रंगाच्या डॅशबोर्डवर ते जास्त दिसतं.

पुढच्या वर्षी हळद-कुंकू बॉनेटवर लावा, आत लावायचंच असेल तर लहान विड्याच्या पानावर. पूजा तितकीच होते.

16. कितीही पुसलं तरी चिकटच, आणि आता बोटांना काळं लागतंय. हा कसला थर?

हा पॉलिशचा थरच नाही. थांबा, आणखी घासू नका. काही गाड्यांत बटणं, दाराची मूठ, मधल्या कप्प्याचं झाकण यांवर रबरासारखा मऊ स्पर्श देणारा पॉलियुरेथेनचा लेप असतो. उष्णता आणि दमट हवा यांनी काही वर्षांत तो लेपच विघटित होऊन चिकट बनतो. कोकणात आणि मुंबईत हे जास्त बघायला मिळतं. ओळखायची खूण: पॉलिश सगळीकडे ओशट लागतं, हा चिकटपणा ठरावीक भागांपुरताच असतो आणि नखाने खरवडला तर काळा गोळा निघतो.

त्यावर दोनच उपाय आहेत. एक, तो भाग सुटा काढून 70 टक्के अल्कोहोलने लेप पूर्ण उतरवायचा. खालचं साधं, कडक, थोडं चकाकणारं प्लॅस्टिक उघडं पडतं. बटणावरची अक्षरं लेपात छापलेली असतील तर तीही जातात, म्हणून आधी फोटो काढून ठेवा. दोन, भाग बदलायचा. पावडर लावून चिकटपणा झाकणारे आठवड्याने पुन्हा याच प्रश्नावर येतात.

17. थर काढला, आता डॅशबोर्ड पांढुरका आणि ठिपकेदार दिसतोय. माझं नुकसान झालं का?

बहुधा नाही. ठिपके म्हणजे काही जागी तेल उरलंय, काही जागी नाही. आणखी एकदा प्रश्न 5 ची कृती करा. सगळीकडे सारखा पांढुरका दिसत असेल तर साबण राहिलाय. साधं पाणी दोनदा फिरवा. तरीही फिकाच असेल तर प्लॅस्टिक उन्हाने आधीच जुनं झालं होतं आणि तेलाने ते झाकलं होतं. सेकंड-हँड गाडी बघताना हे ध्यानात ठेवा. विकायला काढलेल्या गाडीत लखलखीत डॅशबोर्ड असेल तर ओलसर फडकं मागून एक कोपरा पुसून बघा. ओरखडे, तडे आणि फिकेपणा त्या चमकेखाली लपतात. प्रामाणिक विक्रेता हरकत घेत नाही.

18. पॉलिश लावलं नाही तर डॅशबोर्ड तडकेल, असं सांगतात. मग संरक्षणाला काय लावू?

समोरची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते आणि ती अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवते. बाजूच्या साध्या काचांतून काही आत येतात. डॅशबोर्डचं मोठं दुखणं म्हणजे उष्णता, आणि उष्णतेला पॉलिश काही करत नाही. समोरच्या काचेला आतून लावायचा घडीचा चंदेरी पडदा आणि सावलीतलं पार्किंग, हे खरं संरक्षण.

तरी काही लावावंसं वाटलं तर पाण्यावर आधारित, ‘मॅट’ किंवा ‘नॅचरल फिनिश’ लिहिलेलं, अतिनील किरणांपासून संरक्षण देणारं घ्या. फडक्यावर थोडंसं घ्या, पातळ लावा, पाच मिनिटांनी दुसऱ्या कोरड्या फडक्याने जोरात पुसून काढा. हात फिरवल्यावर बोट कोरडं निघालं पाहिजे. प्रश्न 9 मधल्या जागा सोडून.

19. म्हणजे सिलिकॉन गाडीत कुठेच वापरायचं नाही?

दारांच्या रबरी पट्ट्यांना जरूर वापरा. तिथे ते रबर मऊ ठेवतं आणि दार उघडताना येणारा करकर आवाज थांबवतं. फडक्यावर घेऊन लावा, फवारा नको. मात्र गाडी रंगकामाला जाणार असेल तर त्याआधी कुठेही सिलिकॉनचा फवारा मारू नका आणि आतून मारलं असेल तर पेंटरला आवर्जून सांगा. पत्र्यावर त्याचा अंश राहिला तर ओला रंग तिथून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

20. वॉशिंग सेंटरवाल्यांना कितीही सांगा, ते पॉलिश मारतातच. काय करावं?

ती मुलं वाईट हेतूने मारत नाहीत. गिऱ्हाईक चमक बघून खूश होतं आणि चमक नसेल तर ‘आतून पुसलं नाही’ म्हणून भांडतं, हा त्यांचा रोजचा अनुभव आहे. म्हणून चावी देतानाच, काउंटरवर नाही तर प्रत्यक्ष काम करणाऱ्याला सांगा: “दादा, आतून पॉलिश अजिबात नको, टायरला मारा हवं तर. आत नुसतं ओल्या फडक्याने पुसा, आणि हे फडकं घ्या.” स्वतःचं फडकं हातात देणं सगळ्यात महत्त्वाचं. त्यांचं फडकं दिवसभर पॉलिशमध्येच असतं, त्यामुळे बाटली उघडली नाही तरी थर चढतो. कार्डावर ‘नो पॉलिश’ लिहून घ्या आणि स्टिअरिंगवर तशी चिठ्ठी चिकटवा. सर्व्हिस सेंटरला जॉब कार्डवर लिहून घेता येतं. गाडी पॉलिशशिवाय परत आली तर त्या मुलाला चहाचे पैसे द्या, पुढच्या वेळी तो तुमची गाडी लक्षात ठेवतो.

21. वापरलेली फडकी धुवून पुन्हा चालतील का?

चालतील, पण काच पुसण्यासाठी कधीच नाही. गरम पाण्यात लिक्विड डिटर्जंट घालून अर्धा तास भिजवा, चोळा, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा. घरच्या कपड्यांत टाकू नका. कपडे मऊ करणारं द्रव त्यात घालू नका. ते मायक्रोफायबरच्या बारीक तंतूंवर थर धरतं आणि फडकं तेल उचलायचं थांबतं. वाळल्यावर आरशावर फिरवून बघा. धूसर पट्टा उमटला तर ते फडकं टायरसाठी ठेवा आणि कडेला काळ्या मार्करने खूण करा.